सेवाग्रामची वाट आणि परदेशाची

1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले, तेव्हा तरुण डॉक्टरांना परदेशाची ओढ लागलेली होती. ब्रिटनची 1948 ची राष्ट्रीय आरोग्य सेवा बाहेरच्या डॉक्टरांवर विसंबत गेली होती आणि 1965 च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेचे दारही उघडले होते. या स्थलांतराला पैशाचा मोह म्हणून हिणवणे सोपे. माझ्या मते मुळाशी शिक्षण होते. शहरी रुग्णालयात, यंत्रांच्या सोबतीने घडलेला डॉक्टर न्यूयॉर्कमध्ये रुळतो आणि वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंज्याकडच्या खेड्यात परका ठरतो. सेवाग्रामने नेमके तिथेच बोट ठेवले. नव्या विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहायचे, श्रमदान करायचे, सूत कातायचे. मग प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, वाटून दिलेल्या कुटुंबांच्या घरी जायचे, पोरांच्या तब्येतीची विचारपूस करायची, पिण्याचे पाणी कुठून येते ते पाहायचे.

इथले पदवीधरही परदेशी गेलेच की, असा आक्षेप येईल. गेले, आणि त्यात गैर काही नाही. स्वतः सुशीलाबाई अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आल्या होत्या, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले ते तर सेवेसाठीच. खरा प्रश्न खेड्यासाठी कोण उरते हा आहे. ग्रामीण सेवेच्या बंधपत्राने डॉक्टर अडतो, टिकत नाही. दंड भरला की सुटका. म्हणून पदव्युत्तर प्रवेशाआधी दोन वर्षे ग्रामीण सेवा, ही सेवाग्रामने घातलेली अट मला अधिक शहाणपणाची वाटते. तिच्यामुळे खेड्यातले काम ही शिक्षा न राहता पुढच्या शिक्षणाची पायरी झाली.