अहवालातली शेवटची ओळ

नांदेडची डॉक्टर लेन असो की लातूरचा सिग्नल कॅम्प, गरोदर बाईची सोनोग्राफी झाली की हातात येणारा कागद सारखाच. डोक्याचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी, हृदयाचे ठोके, वार कुठे आहे, पाणी किती आहे. आणि तळाशी एक ओळ : या गर्भाचे लिंग मी पाहिलेले नाही आणि कोणालाही, कोणत्याही प्रकारे सांगितलेले नाही. वरचा सगळा कागद बाळाविषयी बोलतो. ही ओळ लिहिणाऱ्याविषयी. ती तिथे आली कशी?

सोनोग्राफीचे हे यंत्र मुळात लोखंडातल्या भेगा शोधणारे. 1955 साली ग्लासगोचे इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्राने त्या तपासून पाहिल्या. 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. जठराचा असाध्य कर्करोग म्हणून डॉक्टरांनी आशा सोडलेल्या एका बाईच्या पोटात पडद्यावर दिसली ती बीजाशयाची पाण्याची गाठ. ती काढली, बाई वाचली. ठरलेल्या निदानापेक्षा डोळ्यांसमोर जे आहे त्यावर विश्वास ठेवला, म्हणून.

आपल्याकडे याच पडद्याला लोकांनी वेगळेच विचारले : मुलगा की मुलगी? मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या लढ्यातून 1988 मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा 1994 चा, लागू झाला 1996 पासून. त्यातले एक कलम मला फार नेमके वाटते : गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही रीतीने कळवायचे नाही. कायदा करणाऱ्यांना माणसे ठाऊक होती. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी, ही आपली बारशाआधीची रीत. तीच तपासणीच्या खोलीत सांकेतिक भाषा होऊन बसली. कागद निर्दोष, आणि निरोप मिठाईच्या नावाने. शब्दांवरचा विश्वास उडाला तो असा.

2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली नांदेडला 910, लातूरला 889 आणि शेजारच्या बीडला 807. पुढच्याच वर्षी बीडच्याच परळीत बेकायदा गर्भपातात एक बाई गेली. त्या प्रकरणी 2019 मध्ये तिथल्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली.

कायद्याने बोट ठेवले ते नोंदीवर. प्रत्येक तपासणीमागे ‘एफ’ फॉर्म. त्यात बाईचे तिला कळणाऱ्या भाषेतले निवेदन, सही किंवा अंगठा, आणि डॉक्टरचे प्रतिज्ञापन. नोंद अपुरी वा चुकीची असली तर, उलट सिद्ध होईपर्यंत, तो कायद्याचा भंगच मानायचा. ही लेखनिकाची चूक समजा, असे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात मांडले. 3 मे 2019 रोजी न्यायालयाने ते मानले नाही, आणि मला ते योग्य वाटते. गुन्हा आवाज न करता होत असेल, तर साक्ष कागदच देणार.

पण तळाची ओळ छापील असते. वरच्या ओळी लिहाव्या लागतात, आणि सचोटीची खरी परीक्षा तिथे. ‘दोष नाही’ आणि ‘दोष दिसला नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. बाळ पालथे असेल, आईच्या पोटावर चरबी असेल, तर हृदयाचे चार कप्पे पडद्यावर येतच नाहीत. अशा वेळी ‘सर्व ठीक’ लिहिणे सोपे, रांग पुढे सरकते. प्रामाणिक वाक्य लांब असते : बाळाच्या स्थितीमुळे हृदय आज नीट दिसले नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत हे वाक्य लिहिले गेले, तर निर्णयाला अवधी उरतो. गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांपुढे गंभीर व्यंगाचा प्रश्न वैद्यकीय मंडळासमोर जातो.

मुखेडची बाई त्या एका वाक्यासाठी दोन आठवड्यांनी पुन्हा नांदेडच्या एसटीत बसते, जुना अहवाल पिशवीत घेऊन.