पेंडीतील तेल : सोलापूरची करडई, घाणा आणि मळसूत्री दाबयंत्र

तेलघाण्याच्या ऱ्हासाचे कारण सांगताना यंत्राचा वेग पुढे केला जातो. सोलापूर जिल्ह्यातील करडईपुरते पाहिले, तर हे उत्तर अपुरे ठरते. येथे खरा प्रश्न पेंडीत उरणाऱ्या तेलाचा, आणि ते कोणाचे मानावयाचे याचा होता.

रब्बी ज्वारीच्या काळ्या रानात करडई घेण्याची या भागातील रीत जुनी आहे. पीक काटेरी असल्यामुळे कुंपणासारखाही तिचा उपयोग होई. घरखर्चाचे बी घेऊन शेतकरी तेल्याकडे जाई. घाण्याचे काम खेपेखेपेने चाले. उखळीत पाच ते पंधरा किलो बी घालावयाचे, बैलाच्या फेऱ्यांबरोबर लाट फिरू द्यावयाची, मधूनमधून पाण्याचा हबका मारावयाचा, तेल सुटले की पेंड खरवडून पुन्हा आरंभ करावयाचा. (तळणाच्या एका खेपेसही मराठीत ‘घाणा’च म्हणतात.) प्रत्येक खेप निराळी असल्यामुळे ज्याचे बी त्याचे तेल, हा हिशेब सरळ राही.

ब्रामा याच्या 1795 च्या जलदाबयंत्राने दाब पुष्कळ वाढविला, तथापि खेप तशीच राहिली. ती मोडली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील व्हॅलेरियस अँडरसन याच्या 1900 च्या ‘एक्सपेलर’ने. या यंत्रात लोखंडी पट्ट्यांच्या पिंजऱ्यात मळसूत्र अखंड फिरते. बी पुढे सरकते तसतशी त्यास जागा कमी पडत जाते व दाब चढतो. तेल पट्ट्यांच्या फटींतून झिरपते आणि पेंड टोकाच्या अरुंद तोंडातून पापुद्र्यांच्या रूपाने बाहेर येते. घर्षणाच्या उष्णतेने तेल पातळ होऊन सुटते, मात्र ती अतिरेकास गेल्यास तेलाचा रंग काळवंडतो. करडईचे जाड टरफल येथे उपयोगीच पडते. निव्वळ मऊ गर मळसूत्राबरोबर नुसता गोल फिरू लागतो.

आता हिशेब पाहावा. एक क्विंटल करडईत 30 किलो तेल धरले आणि घाण्याच्या पेंडीत शेकडा 12, तर यंत्राच्या पेंडीत शेकडा 7 तेल राहते असे मानले, तर घाण्यातून सुमारे 20.5 किलो व यंत्रातून सुमारे 24.7 किलो तेल हाती येते. हे चार किलो तेल घाण्याच्या काळी वाया जात नव्हते. ते पेंडीबरोबर गोठ्यात जात होते. यास्तव यंत्राने नवे तेल निर्माण केले असे म्हणण्यापेक्षा गुरांच्या वाट्याचे तेल बाजाराकडे वळविले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

अखंड चालणाऱ्या यंत्रास बीही अखंड लागते. 1860 मध्ये सोलापुरास आलेल्या रेल्वेमुळे दूरची बाजारपेठ आधीच जवळ आली होती. मोठ्या गिरणीत अनेकांचे बी एकत्र मिसळते. तेथे आपले तेल ओळखता येत नाही. शेतकरी बियांचा विक्रेता आणि तेलाचा गिऱ्हाईक झाला, तो या मिसळण्यामुळे. वर्ध्याच्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने 1934 नंतर मगनवाडीत झवेरभाई पटेल यांच्या हातून घाणा सुधारला, त्यातून तेलाचा उतारा वाढला. पण उताऱ्याच्या स्पर्धेत घाण्यास उतरविणे म्हणजे प्रतिपक्षाचीच कसोटी मान्य करणे होते. पुढे द्रावकाने तेल काढण्याची पद्धत आली, आणि यंत्राच्या पेंडीतील शेकडा सात भागांपैकीही जेमतेम एक भाग उरू लागला.

अलीकडे शहरांतून ‘लाकडी घाण्याचे तेल’ चढ्या दराने विकले जाते. ती लाट विजेवर फिरते, आणि पेंड निराळ्या गिऱ्हाइकास जाते.