फतेह मैदान : एका नावाची साक्ष

स्थळांची नावे ही इतिहासाची दप्तरेच होत. मात्र त्यांतील नोंद बहुधा जेत्याच्या हातची असते. हैदराबादेतील लालबहादूर शास्त्री क्रीडागाराचे जुने नाव 'फतेह मैदान' याचीच साक्ष देते.

१६७७ साली शिवछत्रपती भागानगरास आले तेव्हा अबुल हसन कुतुबशहाने त्यांचा मोठा सन्मान केला. पुढे दहाच वर्षांनी, १६८७ साली, औरंगजेबाने त्याच्या गोवळकोंड्यास वेढा घातला. सुमारे आठ महिने तोफांना दाद न देणारा तो दुर्ग अखेर फितुरीने पडला. दरवाजा आतूनच उघडला गेला. मोगल फौजेचा तळ या मैदानावर होता व विजयोत्सवही येथेच झाला, म्हणून हे 'फतेह मैदान', अशी परंपरा आहे. दरवाजा फितवून मिळविलेल्या ताब्यास फत्ते म्हणावे काय, असा प्रश्न आमच्या वकिली मनास पडतो.

याच भूमीवर १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध कसोटी सामना झाला. कर्णधार हैदराबादचेच गुलाम अहमद. पॉली उम्रीगरांनी २२३ धावा काढल्या. कसोटीत भारतीयाचे ते पहिले द्विशतक. विजय मांजरेकरांनी ११८ धावा केल्या, सुभाष गुप्त्यांनी एका डावात ७ बळी घेतले; तरीही सामना अनिर्णित राहिला. फत्तेच्या मैदानावर कोणाचीच फत्ते झाली नाही, आणि त्याचा खेदही कोणी मानला नसेल! पुढे १९९९ साली सचिन तेंडुलकर आणि इंदुरास जन्मलेले राहुल द्रविड यांनी येथेच एकदिवसीय सामन्यात ३३१ धावांची भागीदारी रचली.

१९६७ साली मैदानास शास्त्रीजींचे नाव मिळाले. ताश्कंदच्या शांतता-करारावर स्वाक्षरी केल्यानंतर काही तासांतच, ११ जानेवारी १९६६ रोजी, ते निवर्तले होते. विजयाच्या नावाजागी शांततेसाठी झटलेल्या पुरुषाचे नाव यावे, हे उचितच झाले.

२००५ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट उप्पलच्या नव्या क्रीडागारात गेले. येथे आता खेळांबरोबर राजकीय समारंभही होतात. ७ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी येथेच झाला.

तथापि जुने नाव पुसून टाकावे, असे आम्हांस वाटत नाही. प्रतिपक्षाचा दस्तऐवज फाडून दावा जिंकता येत नाही; तो वाचून, त्याचा अर्थ लावूनच जिंकावा लागतो. गोवळकोंडा कसा पडला, हे विचारण्यास भाग पाडणारे ते नाव आहे. फितुरी विसरणाऱ्या समाजाचे दरवाजे पुन्हा आतूनच उघडले जातात.