सभेचा पत्ता

दारूचीं दुकानें कायद्यानें बंद करतां येतात. पिणाऱ्याची तहान मात्र कायद्यानें भागत नाहीं. १९२० ते १९३३ या तेरा वर्षांत अमेरिकेनें हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. दारूबंदी आली आणि उठली, पण व्यसनी मनुष्य जेथें होता तेथेंच राहिला. डॉक्टर त्याला इस्पितळांत ठेवून शुद्धीवर आणीत, धर्मोपदेशक उपदेश करीत, घरचीं माणसें शपथा घालीत. आणि घरीं परततांच तो पुन्हां पेला हातीं धरी. आपल्यासारखाच बुडालेला, पण आतां कांठाला लागलेला मनुष्य त्याला भेटावा कोठें, हा खरा प्रश्न होता.

कल्पना अगदीं नवी नव्हती. १८४० सालीं बाल्टिमोर शहरांत सहा पिणाऱ्यांनीं गुत्त्यांतच न पिण्याची प्रतिज्ञा केली व वॉशिंग्टनच्या नांवानें एक मंडळ काढलें. व्यसन्यानें व्यसन्याला हात द्यावा, ही त्यांची रीत. मंडळ झपाट्यानें वाढलें. १८४२ सालीं स्प्रिंगफील्ड येथें त्याच्या सभेपुढें अब्राहम लिंकन यांनीं व्याख्यान दिलें. पुढें मात्र दारूबंदीच्या वादांत मूळ काम बाजूला पडलें आणि थोड्याच वर्षांत मंडळ लयास गेलें.

ता. ११ मे १९३५ रोजीं ओहायो प्रांतांतील अ‍ॅक्रन शहरीं, मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यांत बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ येरझारा घालीत होता. ज्या कामासाठीं आला तें फसलें होतें, खिशांत थोडेच पैसे उरले होते, आणि दारू सोडून जेमतेम पांच महिने लोटले होते. एका बाजूस पानगृहांतील हंशाखिदळी ऐकूं येत होती; दुसऱ्या बाजूस टेलिफोन व शहरांतील चर्चांची यादी होती. तो टेलिफोनकडे वळला. त्याला उपदेशक नको होता. बोलण्यासाठीं दुसरा मद्यपी हवा होता. दुसऱ्याला सांवरतांना आपण सांवरतों, हें त्याच्या अनुभवास आलें होतें.

वॉल्टर टंक्स या धर्मोपदेशकांनीं त्याला कांहीं नांवें दिलीं. एकामागून एक टेलिफोन करतां करतां अखेर हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंचा ठाव लागला. त्यांच्या ओळखीचे डॉ. बॉब स्मिथ हे शस्त्रवैद्य दारूपायीं सर्वस्व गमावण्याच्या बेतांत होते. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं, पंधरा मिनिटांहून अधिक बसणार नाहीं असें बजावून डॉक्टर आले. उठले तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्यांनीं शेवटचा पेला ता. १० जून रोजीं घेतला असें मानतात, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संस्थेचा जन्मदिवस समजला जातो.

परंतु दर व्यसन्याच्या नशिबीं असा टेलिफोन कोठून असणार? प्रारंभीं सभा कोणाच्या तरी घरीं भरत आणि त्यांचा ठिकाणा ओळखीवांचून कळत नसे. एप्रिल १९३९ मध्यें संस्थेचा ग्रंथ निघाला. त्याच महिन्यांत एका सभासदानें रेडिओवर आपली कहाणी सांगितली. भाषणापूर्वीं त्याचा पाय घसरूं नये म्हणून सहकाऱ्यांनीं कित्येक दिवस त्याच्यावर पहारा ठेवला होता! डॉक्टरांना वीस हजार पोस्टकार्डें धाडलीं होतीं. टपालपेटी उघडली, तों आंत उत्तरें निघालीं अवघीं बारा!

त्याच वर्षीं क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ पत्रांत लेखमाला आली आणि मूठभर मंडळींवर शेंकडों विचारणांचा पाऊस पडला. स्वतः दारू सोडून थोडेच दिवस झालेले सभासद नव्या रोग्याच्या दाराशीं जाऊं लागले. १ मार्च १९४१ च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ मध्यें जॅक अलेक्झांडर यांचा लेख प्रसिद्ध झाला. सुमारें दोन हजारांची सभासदसंख्या त्या वर्षाअखेर आठ हजारांवर गेली.

येथें एक पेंच उभा राहिला. सभा सांपडावी तर ती उघड हवी. आणि मनुष्यानें तेथें यावें तर त्याचें नांव झांकलेलें हवें, कारण नोकरी, अब्रू, मुलींचीं लग्नें सारेंच त्यावर टांगलेलें. शिवाय नांवाजलेला सभासद पुन्हां पिऊं लागला, तर संस्थेवरील भरंवसाच उडावा. १९५० सालीं क्लीव्हलंडच्या अधिवेशनांत मान्य झालेल्या बारा परंपरांनीं हा पेंच सोडविला: संस्था प्रकट, व्यक्ति गुप्त. वृत्तपत्रें, रेडिओ व चित्रपट यांत सभासदानें आपलें नांव येऊं देऊं नये. बाहेरच्या वादांत संस्थेनें पडूं नये. आणि प्रवेशास दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असावी. वॉशिंग्टन-मंडळ ज्या खडकावर फुटलें, तो खडक अशा रीतीनें टळला.

१९५७ सालीं या सभा भारतांत भरूं लागल्या. १९८६ सालीं पुण्यास डॉ. सुनंदा अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ति केंद्र उभारलें. तेथेंही व्यसनांतून सुटलेलीच माणसें नव्यांचा हात धरतात.

आज सभेचा पत्ता शोधणें अवघड राहिलेलें नाहीं. अवघड आहे तें उंबरठ्याबाहेरचें शेवटचें पाऊल. तें उचलणाऱ्यास आडनांव सांगावें लागत नाहीं, फी भरावी लागत नाहीं. आंतले लोकही एके दिवशीं असेच दाराशीं घुटमळत उभे होते, एवढें त्यानें लक्षांत ठेवावें; आणि घरच्यांनीं त्याला दोष देण्याआधीं दारापर्यंत सोबत करावी.