खोडी आणि आज्ञावली : शिर्डी परिसरातील संगणकशिक्षणाची एक बाजू

शिर्डीच्या परिसरात संगणकाचे उच्च शिक्षण पोहोचले ते प्रामुख्याने सहकारी साखर कारखानदारीच्या आधाराने वाढलेल्या संस्थांमुळे. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी शिर्डीच्या दक्षिणेस लोणी येथे प्रवरा, उत्तरेस कोपरगाव येथे संजीवनी, तर संगमनेरला अमृतवाहिनी अशी तीन महाविद्यालये सुरू झाली. ज्या यंत्राची घरी कल्पनाही करता येत नव्हती, ते या भागातील मुलांना प्रयोगशाळेत, तेही वेळ वाटून, हाताळायला मिळू लागले.

एकच यंत्र अनेकांच्या हातून जाते, तेथे मागून येणाऱ्याची फजिती करण्याचा मोह होतोच. डॉस या कार्यप्रणालीत, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार सांभाळणाऱ्या मूळ आज्ञावलीत, ‘ऑटोएक्झेक’ नावाची साध्या मजकुराची एक फाइल असे आणि यंत्र सुरू होताच तिच्यातील आज्ञा ओळीने पाळल्या जात. तीत हार्डडिस्क पुसली जात असल्याचा खोटा संदेश घालणे, किंवा त्याच ओळीवर पुन्हापुन्हा परतणारे न संपणारे आवर्तन रचणे, एवढ्याने काम भागे. ते आवर्तन थांबवायचे कसे, वेगळ्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे कसे, हे मात्र ज्याची खोडी काढली त्याला शोधावे लागे. त्यामुळे खोडीतून दोघेही शिकत, आणि अनेकदा सोसणारा जास्त.

अशा खोड्यांची नोंद महाविद्यालयाच्या दप्तरात होत नाही. खोडी स्वतःच्या नकला काढत गावोगाव फिरू लागली, म्हणजे तिचा विषाणू झाला, तरच ती इतिहासाला सापडते. अमेरिकेतील पिट्सबर्गजवळच्या रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या मुलाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मित्रांच्या खेळांच्या फ्लॉप्यांत तो फेरफार करी, म्हणून मित्रांनी त्याला फ्लॉपी देणेच बंद केले; तेव्हा, १९८२ साली, त्याने हात न लावता एका फ्लॉपीवरून दुसरीवर जाणारी ‘एल्क क्लोनर’ ही आज्ञावली लिहिली. यंत्र पन्नासाव्यांदा सुरू झाले की ती एक कविता दाखवी.

भारतात १९९० च्या जूनमध्ये आढळलेला ‘जोशी’ विषाणू याच जातीचा. दर वर्षी ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकल्याखेरीज सोडत नसे. जोशी हे आडनाव गुजरातेत आणि कुमाऊंतही असल्याने एवढ्यावरून त्याच्या कर्त्याला मराठी ठरवणे धाडसाचे होईल. पण त्याचे कसब वादातीत आहे. फ्लॉपीवर नेहमीच्या वापरात नसलेला जादा मार्ग (ट्रॅक) आखून हा विषाणू तेथे आपला मजकूर ठेवी, तपासणाऱ्याला मूळ निर्दोष नोंद दाखवी आणि तीन कळा एकत्र दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तरी स्मृतीत टिकून राही. एवढे ज्ञान अभ्यासक्रमाच्या गरजेपोटी कोणी मिळवत नाही.

या ज्ञानाची दुसरी बाजू पुण्यात व्यवसाय झाली. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे संगणकशास्त्र शिकणारे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हे विषाणुरोधक तयार केले. चोर पकडणाऱ्याला चोरवाटा ठाऊक असाव्या लागतात, हे येथे अक्षरशः खरे होते.

पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएससीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक गावोगाव नेला. त्याचा भर मात्र तयार साधने वापरण्यावर होता, आणि विंडोजमध्ये आज्ञांच्या ओळी चित्रांमागे दडल्या होत्या. पडद्याचेच छायाचित्र पार्श्वभूमीला लावून खरी चिन्हे लपवण्याची खोडी एकही आज्ञा न लिहिता जमते. ती गमतीची खरी, पण तिच्यातून आज्ञावलीकडे जाणारी वाट फारशी उघडत नाही.

दरम्यान कायदाही आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना यंत्रात विषाणू सोडणारा नुकसानभरपाई देण्यास जबाबदार ठरतो आणि तेथे हेतूची अट नाही; २००८ च्या दुरुस्तीनंतर कलम ६६ खाली तेच कृत्य गुन्हा ठरण्यासाठी मात्र अप्रामाणिकपणा किंवा कपट सिद्ध व्हावे लागते, त्यामुळे निव्वळ खोडी या दोन कलमांच्या मधोमध राहते.