फ्लोरा फाउंटनचा आराखडा : जागा, पाणी आणि नाव

सार्वजनिक कारंज्याच्या वास्तुआराखड्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना त्यातील शिल्पाइतकेच त्यातून वगळलेल्या गोष्टींकडेही लक्ष द्यावे लागते. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचा आराखडा लंडनचे वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा असून शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांनी पोर्टलँड दगडात केले. शिखरावर रोमन पुष्पदेवता फ्लोरा उभी आहे. खालच्या अंगास मानवाकृती, मासे, शिंपले अशी दाटी आहे.

भर रस्त्यात पुष्पदेवता का, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. त्याचे उत्तर शिल्पात नाही, जागेच्या इतिहासात आहे. अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या संस्थेने हे कारंजे भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानासाठी, योजिले होते. बागेत फ्लोरा शोभली असती. परंतु गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाची तटबंदी पाडण्यात आली, आणि चर्चगेटची वेस जेथे होती त्या परिसरात 1864 मध्ये कारंजे उभे राहिले. एकूण खर्च सुमारे 47,000 रुपये. त्यांपैकी 20,000 रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले. नाव मात्र फ्रिअर यांचे द्यावयाचे ठरले होते. देणगीदाराचे नाव लोकांच्या तोंडी बसले नाही, गव्हर्नरांचेही टिकले नाही. राहिली ती फ्लोरा. सत्तेने दिलेली नावे किती अल्पायुषी असतात, याचा हा एक पुरावाच म्हणावा लागेल.

दुसरी वगळलेली गोष्ट पाण्याची. विहार तलावाचे नळाचे पाणी 1860 मध्ये शहरात आले नसते, तर उसळत्या पाण्याचे असे स्मारक उभारण्याचा विचार कितपत व्यवहार्य ठरला असता, याची शंकाच आहे. विहिरी व तळ्यांवर जगणाऱ्या शहरात शोभेसाठी पाणी उडवणे लोकांना खपले नसते.

पुढे या जागेचा अर्थच पालटला. 21 नोव्हेंबर 1955 रोजी येथे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला. 1960 पासून हा हुतात्मा चौक झाला. शेतकरी व कामगार यांचे स्मारकशिल्प फ्लोरेच्या शेजारीच आहे. अलीकडच्या दुरुस्तीत, 2017 मध्ये, खोदकामात जुन्या ट्रामचे रूळ सापडले आणि 2019 मध्ये कारंजे पुन्हा सुरू झाले. दगडावरील रंगाचे थर काढता येतात. चौकावर साचलेले अर्थ तसे काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत.

वसई-विरारच्या अभ्यासकांना या उदाहरणाचा उपयोग वेगळ्या कारणाने आहे. वसईच्या गावांतील बावखले हीदेखील पाण्याची सार्वजनिक बांधकामेच होत. वाड्यांना पाणी देणारी, पिढ्यान्पिढ्या जपलेली ही गोड्या पाण्याची तळी कोणा नामांकित वास्तुविशारदाच्या नावाने ओळखली जात नाहीत. त्यामुळेच ती भरावाखाली सहज जातात. कारंज्याची दुरुस्ती करताना दगड, आकृती व जुनी माहिती हाताशी होती. बावखलाच्या बाबतीत त्याचा काठ, खोली, झरे आणि हक्कदार घरे यांची मोजमापासह नोंद व रेखाटन आजच करावे लागेल.