तोंडावर पहिले येणारे उत्तर : चिंतनशील विचार कसा मोजतात?

बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपयांना आहेत. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. चेंडू कितीचा? तोंडावर ‘१०’ येते. पण मग बॅट ११० ची आणि दोन्ही मिळून १२० होतात. बरोबर उत्तर ५.

शेन फ्रेडरिक या अमेरिकी संशोधकाने २००५ मध्ये अशा तीन प्रश्नांची ‘कॉग्निटिव्ह रिफ्लेक्शन टेस्ट’ मांडली (रुपये आमचे, मूळ प्रश्न डॉलरचा). ३,४२८ जणांची सरासरी तीनपैकी १.२४ आली. त्यांत बहुतेक विद्यापीठांतले विद्यार्थी होते, तरी ३३ टक्क्यांना एकही प्रश्न सुटला नाही. सुचलेले उत्तर थांबून तपासण्याची सवय किती, हे ही चाचणी पाहते. मात्र तिला गणित लागते. ज्याची शाळाच कच्ची राहिली, त्याचे गुण कमी येतील. त्यावरून त्याला अविवेकी ठरवणे आम्हाला मान्य नाही. शिवाय प्रश्न आधी ऐकला असेल तर गुण वाढू शकतात.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात विवेकाची परीक्षा दरवर्षी अक्षय्य तृतीयेला होते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मधे पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पीक-पाण्याचे भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा याला जुना विरोध आहे. तरी माणसे जमतात, कारण कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणीआधी काहीतरी आधार हवा असतो. त्याला हसून काय मिळणार? ‘पाऊस साधारण राहील’ हे वाक्य मात्र खोटे ठरणेच अवघड. खरे निघालेले लक्षात राहते, चुकलेले विसरते.

इथे कीथ स्टॅनोविच या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाचे काम उपयोगी पडते. बुद्धिमत्ता आणि विवेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते म्हणतात. विशेषतः आपल्या बाजूच्या दाव्याला सवलत देण्याची खोड हुशार माणसांतही फारशी कमी नसते. कालामांना दिलेला उपदेश आपण भाषणात सांगतो, आणि बाबासाहेबांच्या नावावरचे, कोणत्या खंडातले ते न पाहिलेले वाक्य त्याच संध्याकाळी ग्रुपवर पुढे पाठवतो. आम्हीही पाठवले आहे.

म्हणून विहारातल्या अभ्यासगटाला एक वही सुचवतो. डाव्या पानावर घटमांडणीचे भाकीत त्याच दिवशी, तारखेसह, महिनावार लिहावे. ऑक्टोबरमध्ये शेजारी तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे मांडावेत, चुकलेले आणि जुळलेले दोन्ही. उजव्या पानावर आपण न तपासता पुढे पाठवलेले संदेश उतरवावेत. मूळ खंड व पान सापडले तर समोर लिहावे, नाही सापडले तर तेही.